नंबरात उभा राहिलेला तोंडाळ माणूस

आमच्या घरात कामं वाटून घेतलेली आहेत. साखर कारखान्याला ऊस वाहणारे ट्रॅक्टर नवऱ्याचे, मंगल कार्यालय माझं. नांदूरघाटच्या बाहेर रस्त्याला लागून पत्र्याचं मोठं शेड, मागे स्वयंपाकघर, पुढे गाड्या लावायला मोकळी जागा. लग्न, साखरपुडा, बारसं, जे येईल ते घेते. सगळं यादीवर चालतं. भांड्यांची यादी, किराण्याची यादी आणि कुणाला फेटा कुणाच्या आधी बांधायचा याची यादी. ही तिसरी चुकली की पहिल्या दोन्ही वाया जातात.

एक गोष्ट मात्र कुठल्याच यादीने मिळत नाही. स्वयंपाक कसा झालाय हे खरं सांगणारा माणूस. पंगतीत बसलेल्याला विचारावं तर तो हात वर करून "एक नंबर" म्हणतो, आणि संध्याकाळी हॉटेलात चहा पिताना सांगतो की वरण म्हणजे हळदीचं पाणी होतं. तोवर पुढच्या दोन तारखा गेलेल्या असतात. म्हणून मी माझ्या मोठ्या जाऊबाईंना धरून ठेवलंय. पंगत बसायच्या आधी त्यांना ताट वाढायचं. त्या ते सगळं जेवतात, बोटं चाटून पुसून, आणि मग आचाऱ्याला हाक मारतात.

"ही वांग्याची भाजी हाय का शिक्षा? नवरीचा बाप काय गुन्हा करून बसलाय का?"

एकदा आचारी झारा टाकून रस्त्यापर्यंत निघून गेलता. मी समजूत काढून आणला, भाजीत कूट वाढवलं, पंगत सुखाने उठली. जाऊबाईंच्या जिभेमुळे माझं कार्यालय चालतं हे मी उघडपणे मान्य करते. त्यामुळेच, पुढे जे सांगणार आहे त्यातला माणूस मला पहिल्यापासून ओळखीचा वाटला असणार.

माझी मुलगी कॉम्प्युटर शिकली, पुण्यात नोकरीला लागली आणि गेल्या वर्षी बॅग घेऊन परत आली. म्हणाली, "मला स्वतःचा गेम बनवायचाय." तिच्या पप्पांनी ट्रॅक्टरवाल्याच्या हिशोबाने उत्तर दिलं.

"हंगाम संपेपर्यंत कर काय करायचं ते. कारखान्याचं धुराडं बंद झालं की पुण्याला परत. मान्य असंल तर राहा."

तिने मान्य केलं. घरी सारखी माणसांची ये-जा, म्हणून ती लॅपटॉप घेऊन कार्यालयाच्या स्वयंपाकघरात बसायला लागली. लग्न नसलं की तिथे शांतता असते. मी डाळ निवडायची, ती तिचं काम करायची. आणि तिचं काम थांबलं की लॅपटॉपातून एका माणसाचा आवाज यायचा.

हा माणूस दुसऱ्यांनी बनवलेले व्हिडिओ गेम खेळायचा आणि खेळता खेळता त्यांना फाडून खायचा. चेहरा दाखवत नव्हता, गावही सांगत नव्हता, पण बोलणं आमच्याच बाजूचं. कुठल्यातरी परदेशी महागड्या गेममधला घोडा चालता चालता भिंतीत घुसला आणि अर्धा बाहेर राहिला. तो थंडपणे म्हणाला, "मालक, घोडा दिलाव का खुंटी? टोपी आडकवू का ह्याच्यावर?" दुसऱ्या एका गेममधला धिप्पाड वीर एक दार उघडायला घरभर चावी शोधत होता. "ह्याला सोताच्या घराची किल्ली सापडंना बे, आन निघालाय दुनिया वाचवाया."

मला गेममधलं काही कळत नाही. मुलीने एकदा तिचा अर्धवट गेम मोबाईलवर हातात दिला तर मी त्यातला ट्रॅक्टर पहिल्याच वळणावर उलटवला आणि "मला जमत नाही" म्हणून परत दिला. पण या माणसाचं बोलणं ऐकून मी इतकी हसले की निवडलेली डाळ न निवडलेल्या डाळीत सांडली.

"कावून बघतीस गं हे?" मी तिला विचारलं. "तुझ्याच धंद्यातल्या माणसांना शिव्या घालायलाय तो."

"बाकीचे सगळे नुसतं लाईक करा, शेअर करा, जबरदस्त गेम म्हणतेत. त्याच्यातून मी काय शिकू? हा घोडा भिंतीत घुसलेला दाखवतो. मग मी माझी भिंत तपासते."

त्या दिवसापासून दुपारी डाळ आणि तो, असं ठरून गेलं. मी त्याला "तोंडाळ" म्हणायला लागले. हळूहळू त्याच्या सवयी कळल्या. कितीही रटाळ गेम असला तरी शेवटापर्यंत खेळल्याशिवाय हा निकाल देत नसे. बनवणाऱ्याच्या रूपावर, आईबापावर कधी घसरला नाही. जे काही बोलायचं ते कामावर. आणि लहान माणसाने पदरमोड करून बनवलेला गेम असला तर दयाही दाखवत नसे. मोठ्या कंपनीला जेवढं झोडपायचा तेवढंच त्यालाही. मला वाटतं माणसं याच्यासाठीच त्याला ऐकत असतील. आमच्याकडे कौतुकाला तोटा नाही. शाल, श्रीफळ आणि फेटा कुणालाही मिळतो. खरं ऐकायला मात्र भाग्य लागतं, आणि ते हसत हसत मिळालं तर गिळताही येतं.

दिवाळीत मुलीचा गेम मोबाईलवर आला. उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. फडात मोळ्या भरायच्या, कच्च्या रस्त्याने, घाटाने, पालीच्या धरणाच्या कडेने कारखान्याला न्यायच्या. वाटेत ट्रॉली कलंडू द्यायची नाही. कारखान्याबाहेर नंबर लावायचा. नंबर आला की गेटातून आत, वजनकाटा, ऊस खाली, खेळ संपला.

आणि आमच्या माणसांनी आमच्या पद्धतीने आनंद साजरा केला. चौकात फ्लेक्स लागला. तो मुलीच्या पप्पांनीच लावला. वर पुढाऱ्यांचे फोटो, खाली शुभेच्छुकांच्या तीन रांगा, कोपऱ्यात मुलगी. माझ्याच कार्यालयात सत्कार झाला. पुढारी म्हणाले की या तालुक्याच्या मातीतच गुण आहे, आणि मातीवर बराच वेळ बोलले. नातेवाइकांनी पाच-पाच तारे दिले. मुलीच्या मामाने तर फोन करून सांगितलं, "बसल्या बैठकीला शेवटापर्यंत खेळलो बघ. लई भारी!"

मुलगी सगळ्यांच्या पाया पडली. घरी आल्यावर शाल घडी करून कपाटात ठेवली आणि म्हणाली, "मम्मी, मी त्याला पाठवलाय."

"कुणाला?"

"तोंडाळाला."

दुसऱ्याच्या पोरीला झोडपलेलं ऐकत डाळ निवडणं वेगळं, आपल्या पोरीला झोडपलेलं ऐकणं वेगळं. आणि मला हेही दिसत होतं की चौकातल्या फ्लेक्सवर तिचा भरवसा नाही. या एका माणसाचं मत तिने शेवटचं धरलंय. त्याने नाकारलं तर धुराडं बंद व्हायची वाटही ती बघणार नव्हती.

तुळशीचं लग्न झालं, तारखा सुरू झाल्या. एका दुपारी, हळदीचा कार्यक्रम उरकून माणसं गेल्यावर, मी आणि जाऊबाई स्वयंपाकघरात उरलेल्या मटाराच्या शेंगा सोलत होतो. मुलगी धावत आली. "आला व्हिडिओ!" लॅपटॉप शेंगांच्या पाटीशेजारी ठेवला. तिघी बसलो.

सुरुवात बरी होती. "ही आपल्याकडचीच बाई हाय, ट्रॅक्टर बनवलाय. बघू." मग सुटला. "पालीच्या धरणाचं पाणी असलं निळं कवा बघितलंव बे? नीळ टाकली का कुणी?" ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट सरळ रेषेत मागे आला. "आरारारा! दोन ट्रॉल्या जोडून असा रिवर्स? हा डायवर न्हाई, जादूगार हाय. ही बनवणारी जिंदगीत ट्रॅक्टरवर बसली न्हाई, लिहून घ्या."

मुलीचा चेहरा उतरला. ते खरं होतं. घरात चार ट्रॅक्टर असून ती कधी स्टेअरिंगला बसली नव्हती. बसवलंच नव्हतं कुणी.

मग तो कारखान्याच्या नंबराला लागला. उभा राहिला. पुढचा ट्रॅक्टर हलेना. तो म्हणाला, "चहा करून येतो." खरंच उठून गेला. परत येऊन चहाचा भुरका मारला तर रांग तशीच. "केस कापून येतो." गेला, आला. रांग तशीच. "आमचे चुलते गेल्या साली नंबराला उभे होते, त्यांचा बी फोन आलता. म्हणले गेममधी तरी पुढं जाऊ दे रे." खाली लोकांचे हसणारे शेरे नुसते धावत होते. कुणीतरी लिहिलं होतं, 'गेम का तुरुंग?'

मुलगी उठली आणि हात पुसत बाहेर निघून गेली. मी उठणार तर जाऊबाईंनी पदर धरला. "बस. पुरं ऐक."

म्हणून आम्ही दोघींनी शेवट ऐकला. त्याचा आवाज जरा खाली आला होता. "आता ऐका. पुढच्या ट्रॅक्टरचा डायवर उतरून टपरीवर चहाला गेला. ते लई झकास केलंय, खरंच जातेत. पण तो परत आलाच न्हाई. म्हणून रांग हलंना, म्हणून गेट उघडंना. मी पहिल्यापासून चार येळा खेळलो, चारी येळा तेच. आन पाच तारे देणाऱ्यांनो, तुमी आत कुठून गेलाव बे? भिंतीवरून उड्या मारल्या का?" मग म्हणाला, "बाई, त्या डायवरला हाक मार. गेट उघड. मला आत जायचंय."

मी हे मुलीला सांगायला गेले तर तिने ऐकूनच घेतलं नाही. "मम्मी, पुरे. सगळा महाराष्ट्र हसायलाय माझ्यावर." दुसऱ्या दिवशी तिने पुण्याच्या जुन्या ऑफिसला लिहिलं. त्यांचं उत्तरही लगेच आलं, या म्हणून. तिने बॅग काढून पलंगावर उघडी ठेवली. मी समजूत काढायला गेले असते तर तेही पाच ताऱ्यांसारखंच झालं असतं.

बोलल्या त्या जाऊबाई. त्या घरी आल्या, उघड्या बॅगेकडे बघितलं आणि तिच्यातल्या कपड्यांवरच बसल्या.

"मोठी आई, उठ की. इस्त्री हाय ती."

"असू दे. मला एक सांग. मी आचाऱ्याला बोलते ते जेवून बोलते का न जेवता?"

"जेवून."

"मंग? ह्या माणसानं चार डाव ताट साफ केलं तुझं. केस कापून आला, पर नंबर सोडून गेला न्हाई. बाकीच्यांनी ताटाला हात बी न लावता ढेकर दिली. कुणाचं ऐकायचं तूच ठरव."

"म्हणजे?"

"मंजी, गेट उघडत न्हाई म्हणतोय तो. तू शेवट बघितलास का?"

तिने बघितला नव्हता. लॅपटॉप उघडून बघितला. मग गेम सुरू केला आणि पहिल्यांदाच, वाट न चुकवता, फडापासून खेळली. इतके दिवस तपासायचं म्हणून ती थेट गेटाच्या आतून सुरुवात करायची. चहाची टपरी तिने सगळ्यात शेवटी, हौसेने टाकली होती. त्यानंतर रांगेत कधी उभीच राहिली नव्हती. ड्रायव्हर उतरला, टपरीवर गेला, आणि तिथेच राहिला.

तिने फोन उचलून मामाला लावला, स्पीकरवर.

"मामा, शेवटी काय होतं हो गेममध्ये?"

"होतंय काय! कारखान्यात गेलो, सगळा ऊस खाली केला. लई भारी!"

"मामा, गेट उघडतच नाही."

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाला, "आमच्या फोनमधी उघडतंय बघ."

जाऊबाई बॅगेवरून घरंगळल्या. मुलगी इतकी हसली की डोळ्यात पाणी आलं. त्या हसण्यात रडणंही असेल, मी चौकशी केली नाही. ती मला म्हणाली, "मम्मी, तू एकटीच खरी. पहिल्याच वळणावर उलटलीस."

बॅग मात्र बंद झाली नव्हती. ऑफिसला "नाही" कळवायचं तर पप्पांशी बोलायला हवं होतं, आणि पप्पा त्या दिवसांत कारखान्यावर. ते आले तेच मोबाईल हातात धरून. दारातूनच म्हणाले, "ह्यो कोण हाय गं बोलणारा?"

आमच्या ड्रायव्हरांनी तो व्हिडिओ एकमेकांना पाठवला होता. खऱ्या नंबरात ट्रॅक्टर लावून, ट्रॉलीखाली सावलीत आडवे पडून, ते त्या माणसाला खोट्या नंबरात उभा राहिलेला बघत होते आणि लोळून हसत होते. त्यांनीच तो मालकाला दाखवला. मालकाने चौकात फ्लेक्स लावला होता, पण गेम उघडून बघितला नव्हता. मोबाईलवर खेळणं त्यांच्या स्वभावातच नाही. दुसरा कुणी खेळताना मात्र त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं.

ते खुर्चीत बसले, तो व्हिडिओ पुन्हा लावला आणि मध्येच थांबवला.

"ट्रॉलीखाली झोपलेला माणूस, उशाला चप्पल. हे कुठं बघितलंस?"

"लहानपणी तुम्ही डबा द्यायला न्यायचात तेव्हा."

पुन्हा पुढे. पुन्हा थांबवला. "ट्रॅक्टरच्या हेडला लिंबू-मिरची, आन आरशाला बाईची ओढणी बांधलेली. हे बी?"

"हो."

त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "माणूस बरोबर बोलतोय. दोन ट्रॉल्या जोडून असं मागं घेता येत न्हाई. एक ट्रॉली घेता येते, ती बी जपून."

"मग मला ट्रॅक्टरवर बसवा," मुलगी म्हणाली. "मला कसं कळणार?"

मी दारात उभी होते. आमच्यात पोरी ट्रॅक्टर चालवत नाहीत, लोक बोलतात, हे सगळं त्यांच्या तोंडापर्यंत आलेलं मला दिसलं. त्यांनी ते गिळलं. "उद्या सकाळी. चप्पल न्हाई, बूट घाल."

ऑफिसला तिने "नाही" कळवलं. बॅग पुन्हा माळ्यावर गेली.

पुढचे दिवस कार्यालयासमोरच्या मोकळ्या जागेत ट्रॅक्टर फिरत होता. मागे रिकामी ट्रॉली, शेजारी पप्पा, त्यांचं ओरडणं. "उलटं फिरव! उलटं! ट्रॉली डावीकडं पायजे तर हेड उजवीकडं!" तिने माझी तुळस एकदा आणि नळाची तोटी एकदा पाडली. तोटी मी दुरुस्तीच्या यादीत घातली, तुळस नवी लावली. एका खेपेला ते तिला कारखान्याच्या खऱ्या नंबराला घेऊन गेले. ती आली ती धुळीने आणि मळीच्या वासाने माखून, आणि लगेच लॅपटॉपला बसली. धरणातली नीळ काढली. रिवर्सची जादू काढली. टपरीवरच्या ड्रायव्हरला परत यायला शिकवलं. आता तो गाडी पुढे सरकायची वेळ झाली की कप टाकून पळत येतो आणि त्याची एक चप्पल मागे राहते. ते तिने कारखान्यावर बघितलं होतं.

मग पुन्हा त्याला पाठवला.

दुसरा व्हिडिओ आला तेव्हा हंगाम उतरणीला लागला होता. घरातले सगळे बसलो, पप्पासुद्धा. तोंडाळाने धरणाचं पाणी पास केलं. ट्रॉली मागे घेताना चार वेळा आडवी लावली आणि स्वतःलाच शिव्या दिल्या. नंबरात उभा राहिला. ड्रायव्हर उतरला, टपरीवर गेला. मग ड्रायव्हर चप्पल टाकून पळत आला, रांग हलली, गेट उघडलं.

"आलो बे आत," तो म्हणाला. वजनकाट्यावर ट्रॅक्टर लावला, ऊस खाली केला. मग म्हणाला, "पार्श्वसंगीत भंगार हाय. सनई कुणी मेल्यावानी वाजतीय. ते बदल. बाकी... चुलत्याला दाखवतो."

मुलीच्या पप्पांनी मांडीवर थाप मारली. "सनईचं बरोबर हाय. मला बी खटकलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू कधी विचारलंस?"

धुराडं बंद झालं. ट्रॅक्टर घरी आले, धुऊन शेडमध्ये लागले. पुण्याचा विषय मी काढला नाही, मुलीनेही काढला नाही. एका सकाळी चहा पिताना पप्पाच म्हणाले, "पुढच्या हंगामाला कपिलधारच्या बाजूचा रस्ता टाक. तिकडं चढ अवघड हाय. लोकांची फजिती होईल." एवढं बोलून कप ठेवला आणि निघून गेले. मी सवयीप्रमाणे कागद ओढला आणि लिहिलं: कपिलधारचा चढ. नवी सनई.

त्या दुपारी मी स्वतः, मुलीच्या मदतीशिवाय, त्या माणसाच्या व्हिडिओखाली लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच असं काही लिहिलं. 'मी त्या मुलीची आई. तुमचे उपकार आहेत. आमचं मंगल कार्यालय आहे, कधीही जेवायला या.'

दोन दिवसांनी उत्तर आलं. 'मावशी, येतो. पण वरण पांचट असलं तर तिथंच बोलणार.'

जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्या मेथी निवडत होत्या, मान वर केली नाही.

"येऊ दे. माझ्या शेजारी ताट वाढ त्याचं."